आठ दिवसांसाठी दिलेली वाकळ

सरुबाईची वाकळ ओळखायला तिच्यावर नाव असायची गरज नव्हती. कुणाच्या दारात वाळत घातलेली लांबून दिसली तरी बायका म्हणत, ही सरुबाईच्या हातची. जुन्या लुगड्यांचे, धोतरांचे थर एकावर एक अंथरून ती कडेनं टाका घालायला सुरुवात करायची आणि चौकोनाच्या आत चौकोन काढत मध्यावर येऊन थांबायची. टाका सगळीकडं सारखा, ज्वारीच्या दाण्याएवढा. तीस वर्षं हेच काम. नवरा धोंडीराम बिद्रीच्या साखर कारखान्यात होता. तिकडंच राहायचा, पंधरा दिवसांतून एकदा कोल्हापूरला यायचा. घरात ती आणि पोरगी अक्षता. दोन खोल्यांपैकी बाहेरची खोली कायम कुणाच्या ना कुणाच्या वाकळीनं भरलेली असे, आणि अक्षता लहानपणी त्या वाकळींच्या कडेकडेनंच चालायला शिकली होती.

ही अक्षता आता चित्रकलेच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला होती. एकोणीसशे नव्याण्णव सालचा जानेवारी चालू होता. कॉलेजात बडोद्याहून एक बाई व्याख्यानाला आल्या आणि त्यांनी पडद्यावर चित्रं दाखवली. परदेशातल्या बायकांनी गोधड्या, भरतकाम, विणलेले रुमाल असं सगळं थेट चित्रांच्या दालनात नेऊन टांगलं होतं. घरात बसून बायकांनी जे केलं त्याला कधी कुणी कला म्हटलं नाही, म्हणून आम्ही ते इथं आणलं, असं त्या बायकांचं म्हणणं होतं. अक्षता त्या दिवशी घरी आली ती दारातच थांबली. जमिनीवर अंथरलेल्या वाकळीकडं पहिल्यांदाच बघावं तशी ती बघत राहिली. मग जेवताना तिनं आईला सांगितलं, वार्षिक प्रदर्शनात ती चित्र लावणार नाही. आईची वाकळ लावणार.

सरुबाईला आधी हसू आलं. वाकळ भिंतीला टांगून लोक काय बघणार? अंगावर घेतली तर तिचा उपयोग. पण पोरगी त्या बाईंचं बोलणं पुन्हा पुन्हा सांगत राहिली, आणि सांगता सांगता एकदा म्हणाली, की आई, तू पण कलावंतच आहेस. सरुबाई ताटं उचलून मोरीत गेली आणि नेहमीपेक्षा जास्त वेळ भांडी घासत बसली.

अक्षताला घरातली जुनी वाकळ हवी होती, ती लहानपणी पांघरायची ती. ती चार ठिकाणी विरली होती, एका कोपऱ्यावर तेलाचा डाग होता. ती चारचौघांत टांगायची म्हणजे फाटका परकर दोरीवर वाळत घातल्यासारखं झालं असतं. सरुबाई ऐकेना. लोक बघणारच असतील तर चांगलं बघू देत. आणि चांगली म्हणावी अशी वाकळ त्या वेळी घरात एकच होती. ती रत्नव्वाक्कांची होती.

रत्नव्वाक्कांचं घर गल्लीच्या तोंडाशी. खाली मल्लाप्पांचं धान्याचं दुकान, वर घर. मूळची माणसं निपाणीकडची, घरातलं बोलणं निम्मं कानडी. रत्नव्वाक्का तोंडानं फटकळ, पण हाताला सढळ. सरुबाई मागच्या दारानं गेली की पायरीवर चहा ठरलेला. कप तेवढा कोनाड्यातला, वेगळा. त्यांचा मुलगा सोमेश, सून सौंदर्या चंदगडकडची. लग्नाला पाच वर्षं झाली होती आणि आता कुठं तिला दिवस गेले होते. सातवा महिना संपला की ती माहेरी जाणार, आणि तिच्याबरोबर बाळाची वाकळ जाणार.

बाळाच्या वाकळीची रीत वेगळी असते. घरातल्या प्रत्येकाचं अंगावर वापरलेलं एक तरी कापड आत घालायचं. आज्ज्याचं धोतर, आजीचं लुगडं, बापाचा शर्ट, आईची साडी. पोर जन्माला आलं की पहिल्या दिवसापासून सगळ्या घराच्या उबेत झोपतं, अशी समजूत. आणि त्या घरातला नाही अशा कुणाचीही चिंधी आत जायची नाही. रत्नव्वाक्कांनी स्वतः एकेक कापड झटकून, उजेडात धरून गाठोडं बांधून दिलं होतं. वरच्या बाजूला घालायला त्यांची स्वतःची आंब्याच्या रंगाची इरकली साडी होती, लग्नानंतरच्या पहिल्या सणाची.

गाठोडं आल्यावर दोन दिवसांनी दुपारी सौंदर्या आली. भाजीची पिशवी हातात, धाप लागलेली. पिशवीतून मेथीच्या जुड्यांखालून तिनं एक शर्ट काढला. निळ्या चौकड्यांचा, धुवून धुवून मऊ झालेला. बटणं आधीच काढलेली होती.

"मावशी, हे पन आत घाला," ती म्हणाली. "मधोमध. आत्तींना सांगू नका."

सरुबाईनं शर्ट हातात घेतला. तो सोमेशचा नव्हता. सोमेशचा शर्ट गाठोड्यात होता. मल्लाप्पा तर उभ्या जन्मात धोतर-सदऱ्याशिवाय काही ल्यालेले नव्हते. भावाचा असेल, बापाचा असेल. पण मग आत्तींना, सासूला, सांगायला काय हरकत होती? सौंदर्या तिच्याकडं बघत नव्हती, शर्टाकडं बघत होती. तीस वर्षांत सरुबाईच्या हाताखालून बायकांनी कायकाय आत ढकललं होतं, आणि तिनं कधी विचारलं नव्हतं. आताही विचारलं नाही. फक्त म्हणाली, "बस, पानी पी." सौंदर्या पाणी पिऊन गेली. सरुबाईनं तो शर्ट बरोबर मध्यावर अंथरला, वर चार थर घातले आणि टाका सुरू केला. ती वाकळ तिनं जशी शिवली तशी आधी कधी शिवली नव्हती.

म्हणून ती द्यावीशी वाटली. अजून बारा दिवसांनी पोचती करायची होती. आठ दिवस भिंतीवर राहिली तर काय बिघडतं, कुणाला कळतंय? दुसऱ्याची वस्तू न विचारता द्यायची नसते, हे तिला ठाऊक होतं. पण पोरीनं कलावंत म्हटलेलं कानात होतं. तिनं वाकळ घडी करून अक्षताच्या हातात दिली आणि बजावलं, आठ दिवसांत परत आण, डाग पाडू नकोस. आत काय आहे ते ती बोलली नाही. शिवलेल्या वाकळीच्या आत कोण बघणार होतं?

शनिवारी प्रदर्शन सुरू झालं. सरुबाई निळ्या काठाचं पांढरं लुगडं नेसून दसरा चौकातल्या दालनात गेली. भिंतीवर चित्रं होती, घोडे, देवळं, रंकाळ्यावरची संध्याकाळ. शेवटच्या भिंतीपाशी गर्दी होती. तिथं तिची वाकळ होती.

वरच्या डाव्या कोपऱ्यापासून मध्याच्याही पलीकडं तिचा टाका उसवलेला होता. ब्लेडनं, एकेक करून, व्यवस्थित. आंब्याच्या रंगाची इरकली केळीच्या सालीसारखी मागं दुमडून टाचण्यांनी भिंतीला टोचली होती. आतले थर एकेक करून बाजूला सारले होते आणि सगळ्यांच्या मध्ये, कॉलरसकट, दोन्ही हात पसरून निळ्या चौकड्यांचा शर्ट होता. वर दिवा सोडलेला. बाजूला पुठ्ठ्यावर सुरेख अक्षरांत 'आतलं' असं नाव.

सरुबाईनं पदर तोंडावर धरला. अक्षता धावत आली, तिनं आईला खुर्चीवर बसवलं. तिला वाटलं, आईला भरून आलं. ती समजावून सांगू लागली. वाकळ वरून सुंदरच दिसते, आणि सुंदर दिसली की लोक बघून पुढं जातात. आत किती जणींची लुगडी दडपलेली असतात ते कुणाला दिसत नाही. आणि बघ की, बायकांच्या साड्या कडेला आणि मधोमध पुरुषाचा शर्ट. हे तू न ठरवता केलंयस, म्हणूनच ते खरं आहे. सरांनी तर सांगितलं, की असलं काम कॉलेजात आजवर झालं नाही. परत शिवायला तुला दोन दिवस लागतील, मी पण टाके घालीन.

सरुबाई एवढंच म्हणाली, की आत्ता झाक. आत्ताच्या आत्ता. अक्षताचा चेहरा उतरला. मंगळवारी परीक्षक येणार होते, तोवर वाकळीला हात लावता येत नव्हता. का झाकू, तिनं विचारलं. सरुबाईनं सांगितलं, की वाकळ दुसऱ्याची आहे. ते मलाही ठाऊक आहे, अक्षता म्हणाली, आपण नीट करूनच देणार आहोत. मग अजून काय?

अजून काय ते सरुबाईला सांगता येईना. सांगितलं तर पोरगी ऐकेल, हे तिला कळत होतं. पण ऐकून गप्प बसेल का, याची खात्री नव्हती. अक्षता कुणाचं दुःख दिसलं की तावातावानं बोलायची. आता तर त्या बोलण्याला भिंत मिळाली होती. जे सौंदर्यानं सासूला सांगितलं नाही, मावशीलाही धड सांगितलं नाही, ते आपण कुणाच्या तोंडात कसं द्यायचं? मंगळवारपर्यंत तीन दिवस. तेवढे जातील, असं तिनं मनाशी धरलं.

रविवारी सकाळी पेपरात फोटो आला. रंगीत.

दुकानात पेपर यायचाच. मल्लाप्पांनी तो वाचून वर पाठवला आणि रत्नव्वाक्कांनी आपली इरकली ओळखली. सरुबाई तेव्हा दालनात होती. सकाळपासून ती त्या भिंतीसमोर खुर्ची टाकून बसली होती. बसून काय करणार होती कोण जाणे, पण घरी राहवत नव्हतं. अकराच्या सुमाराला रिक्षा थांबली. पुढं रत्नव्वाक्का, मागं सोमेश, आणि त्याच्या मागं पोट सावरत सौंदर्या.

रत्नव्वाक्का आधी वाकळ उसवली म्हणून बोलल्या. जन्माला न आलेल्या पोराचं पांघरूण फाडायला हात कसे धजले, हे त्यांनी दालनातल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं. अक्षता माफी मागत होती, समजावत होती. सरुबाईला वाटलं, एवढ्यावरच निभावेल. बोलून बोलून त्या दमतील. मग रत्नव्वाक्का बोलता बोलता थांबल्या. पुढं गेल्या. चष्मा वर सरकवून त्यांनी मध्यावर बोट ठेवलं.

"ह्यो शर्ट कुनाचा?"

त्यांनी सोमेशकडं बघितलं. सोमेशनं मान हलवली. "गाठोडं म्या बांदलंय," त्या म्हणाल्या, आवाज एकदम खाली आलेला. "ह्यो आमच्या घरातला न्हाय." आणि त्या सावकाश सुनेकडं वळल्या.

सौंदर्यानं शेजारच्या टेबलाची कड धरली होती. तिच्या बोटांची पेरं पांढरी झालेली सरुबाईला दिसली. सोमेशही आता बायकोकडं बघत होता. नुसता बघत होता, पण पाच वर्षांनी राहिलेलं पोर त्याच्या बघण्यात होतं.

"आमच्या ह्यांचा हाय," सरुबाई म्हणाली.

सगळे तिच्याकडं वळले. कापड कमी पडलं, तिनं सांगितलं. मध्यावर थर पातळ व्हायला लागला. गाठोड्यात काही उरलं नव्हतं, म्हणून आमच्या मालकांचा जुना शर्ट घातला. सांगताना ती अक्षताकडं बघत नव्हती. धोंडीरामनं चौकडीचा शर्ट कधी घातला नव्हता, आणि हे अक्षताला ठाऊक असायला हवं होतं. पोरीनं आता तोंड उघडलं तर? पण अक्षता गप्प होती.

रत्नव्वाक्कांचा चेहरा बदलला. संशय गेला. तो गेलेला सरुबाईला स्वच्छ दिसला, आणि त्या जागी काय आलं तेही दिसलं.

"तुमच्या घरातला? माझ्या नातवंडाच्या अंगावर?"

"चुकलं, आक्का."

"मागल्या दारानं का हुईना, घरात घेतली तुला. आनि तू हे केलंस."

"चुकलं. माझी चूक झाली."

"काय चुकलं, आई?" अक्षता मध्ये आली. "आप्पांचा शर्ट. धुतलेला. काय चुकलं तुझं? सांग की त्यांना."

सरुबाईनं तिसऱ्यांदा तेच म्हटलं. रत्नव्वाक्का म्हणाल्या, की ती वाकळ आता आमच्या घरात नको, तुझी तुला लखलाभ. त्यांची इरकली होती, तीही नको. त्या रिक्षाकडं गेल्या. सोमेशनं बायकोचा दंड धरून तिला सावकाश जिना उतरवला, अगदी जपून. सौंदर्यानं मागं वळून बघितलं नाही. तिनं बघायला नकोच होतं.

गल्लीत ते संध्याकाळपर्यंत पसरलं. सरुबाई लोकांच्या वाकळीत स्वतःच्या घरातल्या चिंध्या घालते. आठवड्यात तीन बायका येऊन आपापली गाठोडी घेऊन गेल्या. भांडल्या नाहीत, सध्या घाई नाही म्हणाल्या. बाहेरची खोली रिकामी झाली आणि मोठी दिसायला लागली.

धोंडीराम शनिवारी बिद्रीहून आला. स्टँडवरच त्याला कुणीतरी सांगितलं होतं. कोनाड्यात ठेवलेला पेपर त्यानं उलगडला, फोटो डोळ्यांजवळ नेऊन बघितला, परत घडी घातली.

"माझा शर्ट म्हनं," तो जेवताना म्हणाला.

"व्हय."

त्यानं भाकरीचा घास मोडला. पुन्हा कधी त्यानं तो विषय काढला नाही.

अक्षता मात्र गप्प बसणाऱ्यातली नव्हती. रविवारी रात्रीच तिनं रडून घेतलं आणि सोमवारी 'आतलं' या नावाखाली दुसरा पुठ्ठा लावला. त्यावर तिनं रविवारी घडलेलं लिहिलं, नावं न घालता. बापाचा एक धुतलेला शर्ट आणि त्यासाठी तीनदा चुकलं म्हणणारी आई. परीक्षकांनी तो वाचला आणि त्यांच्यातल्या एका बाईंनी डोळे पुसले. अक्षताला पहिला नंबर मिळाला. वाकळ मुंबईच्या मोठ्या प्रदर्शनात गेली, तिथंही बक्षीस मिळालं. ज्या बायका ती वाकळ बघून हळहळत होत्या त्यांची हळहळ खोटी नव्हती. अक्षतानं लिहिलेला शब्दही खोटा नव्हता. सरुबाईनं स्वतःच तर ते सगळं म्हटलं होतं. रत्नव्वाक्का जे बोलल्या तेही त्या बोलल्याच होत्या. एक शर्ट तेवढा खोटा होता, आणि सगळं त्याच्यावर उभं होतं.

मायलेकींचं बोलणं कामापुरतं उरलं. आपली आई कुणासमोर इतकी वाकू शकते, हे अक्षताला पचलं नव्हतं. बाबासाहेबांच्या तसबिरीखाली रोज बसून जेवतो आपण, असं ती एकदा म्हणाली. सरुबाईनं ते ऐकून घेतलं.

सौंदर्याला चंदगडला मुलगी झाली. मे महिन्यात ती परत आली. गल्लीत बारसं झालं, सरुबाईला बोलावणं नव्हतं. रत्नव्वाक्का नातीला खांद्यावर घेऊन दुकानाच्या पायरीवर उभ्या राहत आणि येणाऱ्याजाणाऱ्याला तिचं नाक सोमेशसारखं असल्याचं सांगत. ते सरुबाई लांबून बघायची. तेवढं एक जागेवर होतं.

जूनच्या सुरुवातीला ती पिठाच्या गिरणीत उभी असताना सौंदर्या शेजारी येऊन थांबली. गिरणीच्या घरघरीत कुणाला काही ऐकू जात नव्हतं. तिनं समोर बघतच विचारलं, शर्ट कुठं आहे. मुंबईहून आलाय, पोरीजवळ आहे, सरुबाई म्हणाली.

"तेवढंच राहिलंय त्यांचं," सौंदर्या म्हणाली. "मला द्याल?"

कुणाचं, हे सरुबाईनं तेव्हाही विचारलं नाही. देते, म्हणाली. गुरुवारी अक्षता पुढच्या शिक्षणाला बडोद्याला निघणार होती, त्याआधी काढून घेते.

गुरुवारी सकाळी अक्षता सामान बांधत होती. वाकळ प्लॅस्टिकच्या मोठ्या पिशवीत घालायला काढली होती. सरुबाई सुई-दोरा घेऊन तिच्याजवळ बसली.

"येवढा शर्ट काढून दे," ती म्हणाली. "त्याजागी दुसरं कापड घालून देते. कुनाला कळायचं न्हाय."

अक्षता थांबली. बऱ्याच महिन्यांनी तिनं आईकडं सरळ बघितलं, आणि तिच्या बघण्यात राग नव्हता.

"आप्पांचा आहे ना तो?"

सरुबाईच्या हातात सुई होती. धोंडीराम दारात बूट घालत होता, तो तसाच वाकून राहिला.

"व्हय," ती म्हणाली.

"मग राहू दे की माझ्याजवळ," अक्षता म्हणाली. "तिकडं एवढ्या लांब. आपल्या घरातलं काहीतरी असू दे."

तिनं शर्टाची बाही हातानं सारखी केली, वर वाकळ दुमडली, पिशवीचं तोंड बांधलं. सरुबाईनं शब्द शोधला. एकच शब्द बोलली असती तर शर्ट मिळाला असता, पोरगीही मिळाली असती. पण त्या शब्दाबरोबर गल्लीच्या तोंडाशी पायरीवर उभी असलेली आजी होती, तिच्या खांद्यावरची नात होती. धोंडीरामनं पिशवी उचलली आणि बापलेक पुढं झाले.

गाडी सुटल्यावर धोंडीराम परस्पर बिद्रीच्या एस.टी.त बसला. सरुबाई चालत परत आली. घरी जायला दुसरा रस्ता नव्हता. दुकानाच्या वरच्या गॅलरीत सौंदर्या दुपटी वाळत घालत होती. तिनं वाकून खाली बघितलं, आधी सरुबाईच्या तोंडाकडं आणि मग तिच्या हातांकडं. हात रिकामे होते. सरुबाईनं ते पदराखाली घेतले आणि खाली मान घालून दुकानावरून पुढं गेली.